बियाण्याचं बियाणं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेचं पुस्तक शाळेतच ठेवावं लागे, पण घरी पत्र्याच्या पेटीत पत्रकं होती. सभेची, संपाची, मोर्च्याची, निवडणुकीची, ज्या पक्षाला बाबांनी जन्मात मत दिलं नाही त्याचीसुद्धा. बाबा कामानिमित्त जालन्याला गेले की कुठे चार माणसं जमलेली दिसली तिथे थांबत, मागे उभे राहून ऐकत आणि हातात पडेल तो छापील कागद घडी करून टोपीत घालून आणत. छापलेलं फेकायचं कसं हे त्यांना कधी जमलंच नाही. त्यामुळे मी सलग वाचलेलं पहिलं वाक्य म्हणजे एक मागणी होती, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं मला वाटे की वाक्य लिहायचं ते मागणीसाठीच. लहान वाक्यं, समोर शत्रू आणि शेवटी 'झालेच पाहिजे'. आज सत्तरीला टेकल्यावरही माझी वाक्यं तशीच येतात. लोक म्हणतात, बाई फार तावातावानं लिहितात. लिहीत असेन. माझं वळणच त्या पेटीतलं आहे.

आम्ही मंठ्याकडच्या एका गावाच्या कडेला राहायचो. वस्ती आणि सरकारी शेती फार्म यांच्यामध्ये फक्त एक नाला. सकाळी फार्मवर लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोला पडे, तेव्हा माय तव्यावरची शेवटची भाकर उलटत असे. बाबा ती गरम भाकर, ठेचा आणि अंबाडीची भाजी फडक्यात बांधून नाला ओलांडत. फार्मवर ते रोजंदारीवर होते, किती तरी वर्षं. पण तिथे मस्टरवर नाव पुकारत ते आडनावानं. "खरात." बाबा म्हणत, "हाजिर." माझे आजोबा गावातले बडे शेतकरी केशवराव यांच्या घरी साल धरून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर गडी म्हणून, होते आणि त्यांना कुणी कधी पूर्ण नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. बाबांनाही त्या घरचे लोक सख्याच म्हणत. म्हणून आमच्या घरात 'सरकारी' या शब्दाला जो मान होता, तो पुस्तकातून आलेला नव्हता. सरकार हा आम्हाला भेटलेला पहिला असा मालक होता, की ज्याच्या दारात चप्पल काढून हातात घ्यावी लागत नव्हती.

त्या वर्षी फार्मच्या मधोमध ज्वारीचा एक छोटा तुकडा होता. विद्यापीठातले एक डॉक्टर साहेब, म्हणजे शेतीतले डॉक्टर, तिथे एक वाण राखत होते. संकरित ज्वारीचं बियाणं तयार करायला नर आणि मादी असे दोन वाण लागतात. त्यातला नर वाण इथे शुद्ध ठेवायचा होता. बाबा त्याला बियाण्याचं बियाणं म्हणत. हेच पुढे सरकारी बीज केंद्राला जाणार, कंपन्यांनाही मिळणार आणि त्यातून हजारो शेतकऱ्यांच्या शेतात. दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाऊन लोकांची तोंडं विटली होती आणि जो तो बांधापर्यंत घरची उंच गावरान ज्वारी पेरून बसला होता. त्या ज्वारीचे परागकण वाऱ्यावर येऊन डॉक्टरांच्या कणसांवर पडले की वाण बाटला. कुणाला पेरू नको म्हणायची सोय नव्हती. मग उपाय एकच. कणीस पोटरीतून, म्हणजे वरच्या पानाच्या गुंडाळीतून, बाहेर पडलं की फुलायच्या आधी त्याच्यावर कागदी पिशवी चढवायची आणि बुडाशी बांधायची. फुलोरा पिशवीतच येतो, पिशवीतच संपतो. डॉक्टर जाताना फार्मच्या मेहेत्रे साहेबांना सांगून गेले होते, "हा तुकडा खरातांवर सोपवा. नीट राखला तर त्यांना कायम करायची शिफारस मी करीन." हे बाबांनी घरी येऊन एकदाच सांगितलं आणि पुन्हा काढलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. वाण बाटला तर कायम होणं तर सोडाच, रोजंदारीही जाईल, हे न बोलता तिघांनाही कळत होतं.

मी तेव्हा मंठ्याच्या हायस्कुलात शेवटच्या वर्षाला होते. आमचे एक गुरुजी शाळा सुटल्यावर अभ्यास मंडळ चालवत. तिथे मी शिकले की बँका सरकारच्या झाल्या ते बरं झालं, गव्हाचा घाऊक व्यापार सरकारनं हाती घेऊन सोडून दिला ते वाईट झालं, आणि आता पाळी बियाण्याची आहे. कारण जालन्याला बियाण्याच्या खाजगी कंपन्या उभ्या राहत होत्या, आणि आमच्या गावात त्यातल्या एका कंपनीचं काम केशवराव बघत होते. त्यांनी स्वतःच्या शेतात कंपनीचा बीजप्लॉट घेतला होता. माझी माय त्याच प्लॉटवर मजुरीला जायची. दर आठवड्याला रोख मजुरी, गावात दुसरं कुणी देत नव्हतं तेवढी. म्हणजे आमच्या ताटातली अर्धी भाकर सरकारची होती आणि अर्धी कंपनीच्या शेठची. हे मला त्या वेळी दिसत नव्हतं असं नाही. मला ते लाजिरवाणं वाटे. मी एक पत्रक लिहिलं होतं, 'बी कुणाचं?' सगळ्या बियाणे कंपन्या सरकारनं ताब्यात घ्याव्यात, अशी मागणी. गुरुजींनी ते सायक्लोस्टाइल करून दिलं होतं आणि मंठ्याच्या बाजारात वाटायसाठी त्याचे गठ्ठे माझ्या उशाशी होते.

पिशव्या आल्या नाहीत. मेहेत्रे साहेबांनी मागणी पेरणीच्या आधीच धाडली होती. जालन्याच्या ऑफिसातून उत्तर आलं, वर पाठवली आहे. बाबा स्वतः एस.टी.नं जाऊन आले, तेव्हाही वरच होती. ज्वारी मात्र खालीच वाढत होती. रोज संध्याकाळी बाबा पोटरीवरून हात फिरवून येत आणि ओट्यावर बसून राहत. माय विचारी, "आज काय म्हणून राह्यली ज्वारी?" बाबा म्हणत, "घाई करून राह्यली."

एके सकाळी पहिली कणसं निसवलेली, पोटरीबाहेर आलेली, दिसली, आणि त्याच दुपारी केशवराव आपली राजदूत फटफटी घेऊन नाल्यापाशी थांबले.

"सख्या, पिशव्यांपायी इतका जीव टाकून राह्यलास म्हणे?" ते म्हणाले. "आपल्या गोदामात थप्पी पडलीय. बटर पेपरच्या. पाण्यानं काही होत न्हाई त्यांना."

"खर्चा काय?" बाबांनी विचारलं.

"खर्चा बिलकुल न्हाई. तू फक्त सांजच्याला शेतातल्या आखाड्यावर येत जा. बायांना प्लॉटातली भेसळ ओळखू येईना. तुझी नजर बराबर आहे. पिशव्या आखाड्यावरूनच घेऊन जा."

बाबा म्हणाले, "इचार करून सांगतो."

त्या दिवशी जेवताना मी भडकले. येसराच्या आमटीत भाकर कुस्करत मी म्हटलं, की हे म्हणजे सरकारचे डोळे शेठला भाड्यानं देणं आहे.

"डोळे सरकारचे कवापासून झाले?" माय म्हणाली. "ते तर माह्या सासूनं दिलेत."

"माय, तू समजून घे. आज पिशव्या देतील, उद्या वाणच उचलून नेतील."

"अन् पिशव्या न्हाई घेतल्या तर काय उचलतील? तुह्या बापाला. तुह्या सरकारला म्हणावं आधी पिशव्या पाठीव, मंग केशवरावाचं काय घ्यायचं ते घे. भाकर खाय, बोलू बोलू आमटी गार झाली."

बाबा खाली मान घालून जेवत होते. कंपनी खाजगी की सरकारी, हा त्यांचा प्रश्नच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. केशवरावांच्या आखाड्यावर, त्यांच्या शेतातल्या वाड्यावर, जायचं होतं. जिथे त्यांचा बाप खाली बसायचा, तिथे संध्याकाळी जाऊन उभं राहायचं होतं, पिशव्या मिळाव्यात म्हणून. एकदा गेलेला माणूस मग रोज जातो. त्यांना भीती त्या वाटेची होती.

मी उठले आणि उशाशी ठेवलेले गठ्ठे आणून त्यांच्यापुढे टाकले. म्हटलं, "पिशव्या याच्या करू."

बाबांनी वरचा कागद उचलून वाचला, पूर्ण. "हे वाटायचंय न तुला?"

"दुसरं छापू."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. मायनं चिंचोके भाजून, दळून त्याची खळ शिजवली. गव्हाच्या पिठाची करायला आमच्याकडे गहू नव्हता. मी कागद दुमडायचे, ती चिकटवायची, आणि उन्हात वाळत घातलेल्या पिशव्यांवर कोंबड्या येऊ नयेत म्हणून दोघींच्याही हाताशी काठी. मायचा हात माझ्यापेक्षा जल्दी चालत होता. एक पिशवी उलटून पाहत तिनं विचारलं, "काय लिहिलंय यात?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कणसांना कळलं म्हंजे झालं." संध्याकाळपर्यंत बाबांनी निसवलेल्या ओळींवर पत्रकं चढवली होती. मेहेत्रे साहेब बघायला आले आणि बांधावर उभे राहून हसत सुटले. "खरात, ज्वारीचा मोर्चा काढला का?" बाबाही हसले. तेवढंच. मला मात्र अभिमानानं उभं राहवत नव्हतं. बाजारातल्या माणसांनी वाचून पुड्या बांधल्या असत्या. इथे माझं पत्रक सरकारी वाणाची राखण करत होतं.

मग झड लागली. आमच्याकडे झड म्हणजे मोठा पाऊस नव्हे, तो येऊन निघून तरी जातो. झड नुसती झिमझिमत राहते, चूल धुमसते, अंगावरचे कपडे वाळत नाहीत. सायक्लोस्टाइलचा कागद शाई पिण्यासाठीच केलेला असतो. तो पाणीही तसाच प्याला. खळ सुटली. पिशव्या ओल्या फडक्यासारख्या कणसांना चिकटल्या आणि मग बोट लागताच फाटू लागल्या. बाबा डोक्यावर पोतं घेऊन ओळीतून फिरत होते. जिथे कणसाच्या शेंड्यावर पिवळे परागकोश लोंबायला लागले होते, तिथला शेंडा कात्रीनं उडवत होते, म्हणजे खालचं तरी वाचावं. मी त्यांच्यामागे चालत होते. पलीकडे नाल्याच्या वर सगळ्यांची ज्वारी भर फुलात आली होती. पाऊस थांबून वारा सुटला की संपलं. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की पाऊस थांबू नये. दुष्काळातून आलेल्या मुलीला असं वाटणं काय असतं, ते सांगता येणार नाही. आणि तुकड्याच्या मागच्या अर्ध्या भागात अजून कणसं पोटरीत होती. ती एक-दोन दिवसांत बाहेर येणार होती.

त्या दिवशी दुपारी बाबा एस.टी. थांब्यावरच्या हॉटेलात गेले. मी बरोबर होते. केशवराव तिथे चहाला बसतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा आत गेले नाहीत, दारात उभे राहिले. म्हणाले, "केशवराव, पिशव्या पाहिजेत. पण आखाड्यावर न्हाई येणार मी. तुम्ही फार्मच्या फाटकावर आणा, साहेबांच्या हाती द्या, समद्यांसमोर. सरकारनं घेतल्या असं होऊ द्या. मंग तुमच्या प्लॉटवर येतो, साहेबांना सांगून, दिवसाउजेडी."

हॉटेलात बसलेल्यांनी माना वळवल्या. केशवराव म्हणाले, "अरे, मी घरी बोलावून राह्यलो, चहा पाजून राह्यलो, अन् तू मला फाटकावर उभं करतो?"

"चहा फाटकावर बी पिऊ."

"बघतो," असं म्हणून केशवरावांनी पेपर उघडला.

परतताना बाबा माझ्यापुढे झपाझप चालत होते.  मला त्यांचा राग येत होता, की मागितल्याच कशाला. आणि भीतीही वाटत होती, की मागितल्या त्या अशा अटीवर का मागितल्या. मेहेत्रे साहेबांना सांगितलं तर ते हादरले. "खाजगी कंपनीचा माल सरकारात कसा घेऊ? कुणी विचारलं तर?" ते दोनदा ऑफिसात जाऊन आले आणि शेवटी म्हणाले, "आणू द्या तर आधी. घेतल्या असं मी तोंडानं म्हणतो. वरचं वर बघू."

सकाळी टोला पडल्यापासून आम्ही फाटकाशी होतो. झड थांबली होती. ढग फाटत होते आणि अधूनमधून ऊन पडलं की फार्मवरच्या बायका सरीतून मान वर करून रस्त्याकडे बघत. बाबा दर थोड्या वेळानं तुकड्याकडे जाऊन येत. परत येताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत मला होत नव्हती. एकदा ते आले आणि म्हणाले, "मागची निसवली." मेहेत्रे साहेब म्हणाले, "खरात, नाही यायचे ते. मोठ्या घरचे आहेत." बाबांनी फाटकाच्या लोखंडाला हात लावला आणि तसेच उभे राहिले. वारा अजून सुटला नव्हता, पण बाभळीचा पाला हलायला लागला होता.

राजदूतचा आवाज आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मागच्या सीटवर पोत्यात बांधलेला गठ्ठा. केशवरावांनी गाडी फाटकाच्या बाहेरच थांबवली, गठ्ठा उचलून साहेबांच्या हातात दिला आणि बाबांकडे बघून म्हणाले, "माझा बाप असता तर आला नसता."

बाबा म्हणाले, "माझा बाप असता तर त्यानं बोलावलं नसतं."

आधी केशवरावच हसले. साहेबांनी सगळ्या मजुरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की अमुक कंपनीकडून सरकारी कामासाठी पिशव्या घेतल्या. बाबा तोवर गठ्ठा घेऊन ओळीत पोचले होते. ऊन उतरेपर्यंत मागच्या अर्ध्या भागावर पिवळसर, कडक, चकचकीत पिशव्या उभ्या होत्या, त्यांच्यावर एकही अक्षर नव्हतं.

पुढचे काही आठवडे बाबा साहेबांना सांगून दुपारी कंपनीच्या प्लॉटवर जात आणि बायांना भेसळीचं झाड दाखवत. त्यांत मायही असे, आणि ती मुद्दाम चुकीचं झाड धरून "हे का हो मास्तर?" विचारी. मी पत्रक पुन्हा लिहिलं. मागणी तीच ठेवली, खाली एक वाढवली: सरकारी फार्मना पिशव्या वेळेवर मिळाल्याच पाहिजेत. गुरुजींनी ती खोडली. इतकी बारीक मागणी पत्रकात शोभत नाही, म्हणाले. मी ती पुन्हा लिहिली. आजही मला वाटतं की बियाण्याचं बियाणं सगळ्यांच्या मालकीचं असावं. त्याच्यापुढे कुणी धंदा करायचा तो करावा, पण देणंघेणं फाटकावर, उजेडात व्हावं. पुढे देशात फाटकंच उखडली गेली, सरकारी ते सगळं खाजगी होत गेलं, तेव्हा मी त्याविरुद्ध लिहिलं. आणि जिथे फाटकाला कुलूप लावून आतली माणसं वरच्या कागदाची वाट बघत बसली, त्याविरुद्धही लिहिलं. दोन्हीकडचे लोक माझ्यावर रागावले.

पण वाण वाचला की बाटला हे त्या वर्षी कळणारच नव्हतं. ते बी पुन्हा पेरून वर आल्यावरच कळतं. बाबांनी पत्रकांच्या ओळींचं बी आणि कंपनीच्या पिशव्यांचं बी वेगवेगळं मळून ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात ते शेजारी शेजारी पेरलं, आणि आमच्या घरात पुन्हा तीच घालमेल सुरू झाली.

डॉक्टर साहेब येणार त्याच्या आदल्या सकाळी बाबा मला आणि मायला तुकड्याकडे घेऊन गेले. मागच्या ओळी एकसारख्या उभ्या होत्या, जशा काही वरून कापल्यात. पुढच्या ओळींत मात्र मधूनमधून एखादं ताट बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होतं. घरच्या ज्वारीची उंची. वाऱ्यानं त्याचं काम केलं होतं.

माय म्हणाली, "उपटून टाका की. किती हायती? कोण बघून राह्यलं?"

खरंच कुणी बघत नव्हतं. उपटून नाल्यात टाकली असती तर तासाभरात ओळी सारख्या झाल्या असत्या, पण सारख्या दिसणाऱ्या ताटांतही भेसळ लपलेली असू शकते. त्या ओळींचं बी मग चांगलं म्हणून पुढे गेलं असतं, आणि बाबा कायम झाले असते.  माझ्याकडे या प्रसंगासाठी एकही वाक्य नव्हतं. बाबा एका उंच ताटाला हात लावून म्हणाले, "चला, टोला पडंल."

डॉक्टर आले. बारीक, चष्मेवाले, कमी बोलणारे. मेहेत्रे साहेब त्यांच्यामागे पोटाशी हात बांधून. पुढच्या ओळींपाशी डॉक्टर थांबले, एक-एक उंच ताट बोटानं मोजत शेवटपर्यंत गेले आणि परत आले.

"या ओळी गेल्या," ते म्हणाले. "मागच्या शुद्ध आहेत. त्यावर काम चालेल." मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. "खरात, तुम्हाला भेसळ ओळखता येते. ही कधीचीच दिसली असेल. उपटली का नाही?"

बाबांनी टोपी नीट केली. 

"ज्वारी माझी असती तर उपटली असती, साहेब."

 डॉक्टरांनी चष्मा पुसला, परत लावला. मेहेत्रे साहेबांना म्हणाले, "यांच्या शिफारशीवर मी आजच सही करतो." मग बूट काढून बांधावर ठेवले, पँट दुमडली आणि पहिल्या ओळीत शिरून ताटं उपटायला लागले, उंच आणि सारखी, सगळीच. बाबा दुसऱ्या ओळीत गेले. आम्ही तिसऱ्या.